आतास्काबुर्रास खारट, चिकट आणि तेलकट का होतं? बाकालाओ-बटाट्याबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणासाठी तुम्ही स्पेनमधल्या आल्बासेतेत राहता. बर्फ पडला त्या दिवशी एका मैत्रिणीच्या घरी आतास्काबुर्रास खाल्लंत आणि तेव्हापासून ते स्वतः करायचा प्रयत्न चालू आहे. बटाटा, खारवलेला कॉड म्हणजे बाकालाओ, लसूण, ऑलिव्ह तेल, वरून उकडलेलं अंडं आणि अक्रोड. साहित्य सगळं बरोबर असूनही एकदा ते तोंडात धरवेना इतकं खारट झालं, एकदा चिकट लगदा झाला, आणि दोन्ही वेळा तेल वर तरंगत राहिलं. दूध किंवा लोणी घालू का, आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर खारा बांगडा किंवा खारी सुरमई वापरून आईला करून दाखवता येईल का, हेही विचारलंय.

मी आल्बासेतेशेजारच्या कुएंकातल्या एका मेसोनच्या, म्हणजे खानावळीच्या, स्वयंपाकघरात बरीच वर्षं काम केलं. आता वालेन्सियात माझं स्वतःचं लहानसं स्वयंपाकघर आहे. दोन्ही ठिकाणी थंडी पडली की हा पदार्थ फळ्यावर लिहिला जातोच, त्यामुळे तुमच्या तक्रारी ओळखीच्या आहेत. तुम्हाला या तीन वेगळ्या चुका वाटतात. माझ्या मते त्या तिन्हींच्या मुळाशी पाणी आहे: माशातून किती वेळा काढलं, बटाट्यात किती शिरू दिलं आणि शेवटी तेलासोबत किती घातलं. तुम्ही वापरलेल्या मिक्सरचा दोष आहेच, पण त्याकडे नंतर येते.

आधी एक सांगायला हवं. 'खरी कृती कुठली' असं विचारलंत तर उत्तर गावावर अवलंबून आहे. आल्बासेतेत बहुतेक घरी हे कोमट आणि थोडं भरड ठेवतात, माशाचे धागे दाताखाली आले पाहिजेत. कुएंकात याच कुळातल्या पदार्थाला आहोआर्येरो म्हणतात. तो जास्त मऊ घोटलेला, बरेचदा गार, पावावर फासून खायचा, आणि काही घरांत त्यात पावाचा चुराही जातो. उत्तर स्पेनमधल्या नावार्राचा आहोआर्येरो मात्र नाव तेच असून टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत शिजवलेला वेगळाच बाकालाओ आहे. तिकडची कृती समोर ठेवून करायला गेलात तर गोंधळ होईल. दक्षिणेला आल्मेरियाच्या बाजूला वाळवलेली लाल मिरची घालून बटाटा-बाकालाओचं लालसर घोटीव करतात. तुम्ही जे खाल्लंत ते आल्बासेतेचं, म्हणून पुढचं सगळं त्याच पद्धतीला धरून लिहिते.

चार जणांसाठी एक किलो बटाटे, तीनशे ग्रॅम खारा बाकालाओ (कोरडं वजन), दीडशे ते दोनशे मिलिलीटर ऑलिव्ह तेल, तीन-चार लसूण पाकळ्या, तीन अंडी, मूठभर अक्रोड. मासा याहून जास्त घातला तर चालतो. कमी घातला तर ते लसणीचं बटाट्याचं भरीत होतं.

आता मासा. आल्बासेते ज्यावर वसलंय ते ला मांचाचं पठार समुद्रापासून लांब आहे. माद्रिद ते आलिकांते रेल्वे १८५८ साली पूर्ण झाली, ती आल्बासेतेवरूनच जाते. त्याआधी बंदरावरून निघालेला माल खेचरांच्या पाठीवरून आर्येरो लोक आणत, आणि वाटेत इतके दिवस टिकणारा मासा म्हणजे खारवलेला कॉडच. उत्तर किनाऱ्यावरचे बास्क मच्छीमार सोळाव्या शतकातच कॉडसाठी थेट न्यूफाउंडलंडपर्यंत जात होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात मांस वर्ज्य, त्यामुळे समुद्र कधी न पाहिलेल्या गावातही बाकालाओला गिऱ्हाईक होतं. बर्फात अडकलेल्या मेंढपाळांकडे फक्त बटाटे आणि बाकालाओ उरले आणि त्यातून हा पदार्थ झाला, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. ती दंतकथा आहे, पण हिवाळ्यात घरात हमखास असायचं ते यात आहे, एवढं मात्र खरं. आजचा बाकालाओ बहुतेक नॉर्वे, आइसलँड आणि फॅरो बेटांकडून येतो.

हे सांगण्याचं कारण असं की त्या माशात मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकवण्यासाठी घातलेलं असतं. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मीठच असतं. वरवर धुऊन ते जात नाही, कारण ते आतपर्यंत मुरलेलं असतं आणि बाहेर यायला वेळच लागतो. तुम्ही लिहिलंय की 'रात्री भिजत घातला, सकाळी केला'. पाणी एकदाच घातलं असेल तर काही तासांनी ते पाणी इतकं खारं होतं की पुढचं मीठ सुटणं जवळपास थांबतं. मग आणखी दहा तास ठेवलात तरी फरक पडत नाही. म्हणून तास मोजण्यापेक्षा पाणी किती वेळा बदललं ते मोजा.

माझी पद्धत अशी. आधी वरचं मीठ नळाखाली धुते. मग माशाच्या तिप्पट-चौपट गार पाण्यात, कातडीची बाजू वर ठेवून, फ्रिजमध्ये. कातडी खाली ठेवली तर मीठ तिथेच अडतं. शक्य असेल तर भांड्यात तळाशी जाळी ठेवावी, कारण खारं पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि खालचा मासा त्यातच पडून राहतो. पाणी दर सात-आठ तासांनी बदलायचं. लोमोच्या, म्हणजे पाठीकडच्या जाड भागाच्या, तुकड्याला छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, शेपटीकडच्या पातळ तुकड्यांना चोवीस. दुकानात 'मिगास' म्हणून सुट्टे चुऱ्यासारखे तुकडे मिळतात, त्यांना दहा-बारा तास पुरतात, पण त्यांचं पाणी दर तीन-चार तासांनी बदलावं लागतं. या पदार्थासाठी लोमो घेऊन पैसे घालवू नका. शेवटी तो कुस्करायचाच आहे. शेपटी किंवा मिगास घ्या. फक्त पाकिटावर कॉडच लिहिलाय ना ते वाचा, कारण 'मिगास'च्या नावाखाली दुसरे पांढरे मासेही विकले जातात आणि ते शिजल्यावर भुसभुशीत होतात.

फ्रिजबाहेर भिजवायची सवय असेल तर सोडा. मीठ होतं तोवर मासा सुरक्षित होता. ते निघून गेलं की तो साध्या ताज्या माशाइतकाच नाजूक असतो, आणि तुमच्याकडच्या जुलैत ओट्यावर ठेवलेला बाकालाओ दुपारपर्यंत वास मारायला लागेल.

झालाय का, हे कसं ओळखायचं? सर्वांत जाड तुकड्याच्या मधून नखाएवढा भाग काढून चाखायचा. कडेचा चाखलात तर फसाल, कडा नेहमी आधी उतरते. जिभेला चव नीट भरलेल्या भाजीपेक्षा थोडी चढी लागली पाहिजे. अगदी बरोबर लागली तर बटाट्यात मिसळल्यावर सगळं फिकं पडेल. बटाट्यात मी वेगळं मीठ घालत नाही, माशाचं मीठच सगळ्याला पुरतं. हा अंदाज एक-दोनदा चुकणार हे धरून चला. प्रत्येक पाकिटातला मासा सारखा खारवलेला नसतो.

शिजवताना बाकालाओला खळाखळा उकळी लागू देऊ नका. उकळीत त्याचं उरलंसुरलं पाणी निघून जातं आणि हातात दोऱ्यांची जुडी राहते. कोमट पाण्यात घाला, मंद आचेवर ठेवा, कडेला पांढरा फेस धरायला लागला की आच बंद करून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांत बोटाने दाबलं की पाकळ्या आपोआप सुटतात. मासा काढून काटे आणि कातडी वेगळी करा. ते पाणी ओतू नका, पुढे सगळी मदार त्यावर आहे. काढलेली कातडी परत त्याच पाण्यात घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवते मी. तिच्यातलं जिलेटिन पाण्यात उतरतं आणि पुढे तेल धरून ठेवायला तेच कामाला येतं. बास्क लोकांच्या पिलपिल सॉसमध्ये तर पीठ नसतं, मलई नसते. बाकालाओचं जिलेटिन आणि तेल यांनीच तो दाट होतो.

आता चिकटपणा. त्याची दोन कारणं दिसतात: बटाटे सोलून, फोडी करून उकडले आणि मग मिक्सरमध्ये फिरवले. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत स्टार्च असतो, तो शिजताना फुगतो, पण पेशी शाबूत असेपर्यंत आतच राहतो. मिक्सरचं पातं त्या पेशी चिरतं, फुगलेला स्टार्च बाहेर पडतो आणि लगदा ताणायला लागतो. एकदा असं झालं की परत फिरवता येत नाही. म्हणून मिक्सर, हँड ब्लेंडर, फूड प्रोसेसर यातलं काहीही नको. तुमच्याकडे तिथे 'पासापुरे' नावाचं हाताने फिरवायचं यंत्र मिळतं. ते म्हणजे आपलं पुरणयंत्रच. बटाटा त्यातून गरम असतानाच काढायचा. तेही नसेल तर पावभाजीचा मॅशर किंवा जड लाकडी बत्ता पुरे. वरून दाबत कुटायचं, भांड्याच्या कडेला घासत फिरवायचं नाही.

फोडी करून उकडल्याने बटाटा पाणी पितो. अनेक घरी सोललेले बटाटे आणि बाकालाओ एकाच भांड्यात शिजवतात आणि त्याला चव फार छान येते, ती पद्धत चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांना ते जमतं. तुमची तक्रार पाण्याची आणि मिठाची आहे तोवर बटाटे सालीसकट, गार पाण्यापासून सुरू करून, सारख्या आकाराचे घेऊन वेगळे उकडा. मध्यम बटाट्याला अर्धा-पाऊण तास लागतो. सुरी सहज आरपार गेली की काढा, गरम असतानाच सोला, आणि सोललेले बटाटे दोन-तीन मिनिटं कोरड्या भांड्यात उघडे ठेवा. वाफ दिसेनाशी होईपर्यंत थांबा. ही दोन मिनिटं बहुतेक जण टाळतात, आणि नंतर तेल घालताना त्याची किंमत मोजतात. बटाट्याची जात जमेल तशी पिठूळ निवडा. तिकडे 'आग्रिया' मिळाला तर उत्तम, 'मोनालिसा'ही चालतो. सॅलडसाठी विकतात तो पातळ सालीचा नवा बटाटा मात्र नको.

घोटताना क्रम महत्त्वाचा. आधी खलात लसूण चिमूटभर मिठाबरोबर अगदी बारीक करा. तुमच्यापासून फार लांब नाही ते लास पेद्रोन्येरास, कुएंका प्रांतातलं, जांभळ्या लसणीसाठी प्रसिद्ध. ती मिळाली तर तीन पाकळ्याच घ्या, ती चांगलीच तिखट असते. कच्ची लसूण सोसत नसेल तर यातल्याच थोड्या तेलात ती मंद आचेवर परता, सोनेरी होण्याआधीच काढा आणि मग वाटा. दोन्ही प्रकार घरोघरी चालतात. मी स्वतः कच्ची घालते, कारण कोमट बटाट्यात तिची धार आपोआप थोडी उतरते. लसणीवर कुस्करलेला मासा घालून दोन्ही एकत्र कुटा, मग गरम बटाटा. उकडलेल्या अंड्यांपैकी एका अंड्याचा पिवळा बलकही इथेच कुटून घाला. बलकाने तेल मिसळायला सोपं जातं.

तेल शेवटी, आणि तेही मिश्रण कढत असताना नाही. बोट ठेवलं तर सोसवेल इतकं कोमट झालं की सुरू करा. तेलही घरातल्या तापमानाचं असू द्या. पहिले चार-पाच चमचे अगदी बारीक धारेने, एका हाताने धार आणि दुसऱ्या हाताने बत्ता. एक धार जिरल्याशिवाय दुसरी नाही. तेल जिरतंय की नाही ते डोळ्यांना दिसतं: जिरताना पृष्ठभाग मंद, तुकतुकीत राहतो, आणि ओव्हरलोड झालं की कडेने चकाकणारी पिवळी रेघ दिसते. ती रेघ दिसताक्षणी तेल थांबवा आणि बाजूला ठेवलेलं माशाचं कोमट पाणी एक मोठा चमचा घाला, जोरात कुटा. रेघ नाहीशी होईल. मग पुन्हा तेल. तेल आणि पाणी असं आलटून-पालटून घालत गेलं की दोनशे मिलिलीटर तेल कुठे गेलं ते कळतही नाही. तुम्ही सगळं तेल एकदम ओतलंत आणि पाणी आधीच टाकून दिलं होतंत, म्हणून ते वर आलं. एकाच दिशेने घोटलं पाहिजे असं सांगतात, त्याला मी फार महत्त्व देत नाही. हात थांबू न देणं जास्त महत्त्वाचं.

झाल्यावर ते पुरणाइतकं घट्ट पण ओलसर हवं: चमच्याने उचललं की गोळा राहतो, ताटलीत ठेवलं की हळूच बसतं. गार झाल्यावर ते आणखी आवळतं, म्हणून वाढण्याच्या वेळेपेक्षा किंचित सैल ठेवा.

तेल कुठलं यावर मतं आहेत. तोलेदोच्या डोंगराकडचं कोर्निकाब्रा जातीच्या ऑलिव्हचं तेल या प्रदेशाचंच, पण त्याला कडसर चव असते. ती आवडत असेल तर अर्धं कोर्निकाब्रा, अर्धं आर्बेकीनासारख्या दुसऱ्या जातीचं सौम्य असं घ्या. आणखी एक गोष्ट: एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगाने फिरणाऱ्या ब्लेंडरमध्ये घातलं की कडू लागतं. दुसऱ्या वेळी 'कशामुळे तरी कडवट लागलं' असं तुम्ही लिहिलंय, त्याला हेच कारण असावं.

दूध आणि लोणी घालू नका. फ्रान्समध्ये नीम शहराकडे बाकालाओ, तेल आणि दुधाचं ब्रांदाद करतात, तो स्वतंत्र आणि सुरेख पदार्थ आहे. इथे दुधाने लसणीची आणि तेलाची चव दबते, आणि जे खाऊन तुम्ही हा खटाटोप सुरू केलात त्याच्यासारखं ते लागणारच नाही. हिरवी मिरची घोटलेल्या मिश्रणात नको. सोबत ताटात घेऊन चावली तर माझी काही हरकत नाही, मीही घेते.

बिघडलेलं सावरायचं असेल तर: तेल सुटलं असेल तर वर सांगितलेलं माशाचं कोमट पाणी चमच्या-चमच्याने. खारट झालं असेल तर अळणी उकडलेला बटाटा आणखी कुस्करून आणि थोडं तेल. फिकं असेल तर मीठ त्याच कोमट पाण्यात विरघळवून घाला, वरून भुरभुरलेलं मीठ नीट पसरत नाही. चिकट झालं असेल तर त्याचं आतास्काबुर्रास परत होणार नाही, पण फेकूही नका. अंडं आणि थोडा मैदा मिसळून चमच्याने तेलात सोडा, बाकालाओचे चांगले बुन्युएलो, म्हणजे भज्यांसारखे गोळे, होतात.

वेळापत्रक म्हणून एवढं लक्षात ठेवा: रविवारी दुपारी खायचं असेल तर शेपटीचा मासा शनिवारी सकाळीच पाण्यात, दिवसातून तीनदा पाणी बदल, रविवारी सकाळी मधला तुकडा चाखून बघणं, मग बटाटे, मासा, कुटणं. कुटायला वीसेक मिनिटं धरा. वरून अंड्याच्या चकत्या, अक्रोड आणि तेलाची एक धार, सोबत जाड सालीचा पाव.

आता पुण्याचं. खारा बांगडा आणि खारी सुरमई घालू नका, असं मी स्पष्टच सांगेन. कॉडच्या मांसात चरबी जवळपास नसते, ती सगळी यकृतात साठते. म्हणूनच खारवून महिनोन्महिने ठेवला तरी त्याचा वास मर्यादित राहतो. बांगडा आणि सुरमई तेलकट मासे आहेत. खारवल्यावर त्यांचं तेल जुनं होतं आणि तो उग्र वास येतो, जो कोकमाबरोबर आणि ओल्या खोबऱ्याबरोबर आपल्याला हवासा वाटतो. बटाटा आणि ऑलिव्ह तेलात मात्र तो वास एकटाच उरतो. सुका बोंबील तर उन्हात वाळवलेला, त्याचं काम आणि चव दोन्ही निराळं.

त्यापेक्षा पुण्यात ताजी घोळ किंवा जिताडा घ्या, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचे बिनकाट्याचे तुकडे. अर्धा किलोला पाव किलो खडे मीठ, खाली-वर सारखं पसरून झाकून फ्रिजमध्ये चोवीस तास. मध्ये एकदा उलटा आणि सुटलेलं पाणी ओतून टाका. मग धुऊन तीन-चार तास गार पाण्यात, दोनदा पाणी बदलून. बाजारातला बाकालाओ महिनोन्महिने मुरलेला असतो, तो मुरलेपणा एका दिवसात येणार नाही, पण मांस घट्ट होतं, पाकळ्या सुटतात आणि चव बरीच जवळ जाते. हा मासा कच्चा चाखू नका, छोटा तुकडा पाण्यात शिजवून चव बघा. बटाटा चिप्ससाठीचा 'चिप्सोना' मिळाला तर तोच घ्या, तो कोरडा आणि पिठूळ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा नवा बटाटा टाळा. आणि आईकडचं पुरणयंत्र बटाटा घालण्याआधी पूर्ण कोरडं करून घ्या.